नवा मल्ल घडतो कसा?

जत्रेच्या फडात पोरं आधी रेवड्यांवर लढतात, मग जोड वाढत जाते. आपल्या कर्नाटकातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ साली दिल्लीत बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. समोरचा मल्ल तगडा होता, म्हणूनच लोकांनी त्यांना मानलं. नूरा कुस्तीत हलगी वाजेल, पण विश्वास बसणार नाही. आम्ही रेल्वेवालेही नवा पूल भार देऊन तपासतो, मगच गाडी सोडतो. मंडळात मात्र आपण जुनेच पदं अडवून बसलोय, मीसुद्धा. मुलांना नुसते सत्कार नकोत. पुढच्या वर्षीची वर्गणी नि हिशोब त्यांच्या हाती द्या. चुकले तर वस्ताद म्हणून आपण आखाड्याबाहेर आहोतच. गणपती बाप्पा मोरया!