बोलीतला शब्द आणि बाईचं काम

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना इथे लिहू लागलेल्या मैत्रिणींपुढे केलेलं भाषण)



गोष्ट लिहिताना आपल्याला एक धास्ती असते : आपल्याकडचे शब्द पुण्या-मुंबईच्या वाचणारीला कळतील का? मग आपण ते काढून पुस्तकी शब्द घालतो. पण शब्दाबरोबर आणखी काय निघून जातं, ते बघू या.

पेरणीला तिफणीमागे बाई सरतं धरून चालते. तिफणीतून मुख्य पीक पडतं, सरत्यातून ती तूर सोडते. गोष्टीत आपण लिहितो, ‘ती नवऱ्याला पेरणीत मदत करत होती.’ वाक्य सोपं झालं, पण बाईचं काम गेलं. उरली ती ‘मदत’. सातबाऱ्यावर तिचं नाव बहुधा नसतंच. निदान गोष्टीत तरी तिचं काम त्याच्या नावानिशी यावं.

मग वाचणारी अडू नये म्हणून काय करायचं? कंसात अर्थ देत बसू नका, गोष्टीचा धडा होतो. शब्दाला कामाला लावा. ‘तिफण पुढे सरकली तशी तिनं सरत्याची नळी तासात नीट धरली आणि मुठीतली तूर दाणा दाणा सोडू लागली.’ सरतं कधी न पाहिलेलीलाही ते कळलं. पुढे तोच शब्द पुन्हा आला की तो तिचाही होतो. एका वाक्यात असा नवा शब्द एकच ठेवा. उच्चाराची नक्कल करायची म्हणून प्रत्येक शब्द मोडून लिहू नका.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते. वऱ्हाडी न येणाऱ्यांनीही ती वाचली, कारण तिचा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो आणि शब्द त्याच्या आधाराने उलगडतात. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीच्या नावातच बोली आहे.

एक शब्द मात्र जपून वापरा : ‘टाकलेली’. पात्राच्या तोंडी तो येऊ द्या, गाव तसंच बोलतं. पण आपण सांगताना ‘तिला नवऱ्यानं टाकलं’ असं लिहा. कुणी टाकलं, ते दिसलं पाहिजे.

घरी गेल्यावर आईला, सासूला, शेजारणीला त्यांच्या कामांची नावं विचारा आणि वहीत उतरवा. ट्रॅक्टरची पेरणी आली तसं सरतं अडगळीत चाललं. ते काम बायकांनी केलं, हे सांगायला तो शब्द आपल्यापाशी हवा.