मोटार कोणाची, दुरुस्ती कोणाची?

पैसे मोजून मोटार घेतली, कीं घेणारा तिचा सर्वस्वी धनी झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लोखंडापुरती ती खरी आहे. परंतु आजच्या मोटारींत संगणकाची आज्ञावलीही असते. इंजिनास इंधन किती द्यावें, हें तीच ठरविते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें अशा आज्ञावलीस वाङ्मयकृतींत गणिलें आहे. कादंबरीप्रमाणें तिच्यावरही कर्त्याचा हक्क चालतो.

पवईच्या तलावाकाठीं एखाद्या गृहस्थाची गाडी बंद पडली, तर जवळचा मिस्त्री बॉनेट उघडील. पण बिघाडाची सांकेतिक खूण वाचणारें यंत्र त्याजपाशीं नसेल, तर त्याची विद्या तेथेंच थांबते. गाडी कंपनीच्या दुकानीं जाते. मालकाची निवड संपते आणि मिस्त्र्याची भाकरीही.

या वादाचा निवाडा भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं केला. चौदा कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपये दंड झाला. मुंबईच्या टाटा मोटर्स व महिंद्र या त्यांतल्याच. सुटे भाग व निदानयंत्रें ही आपली बौद्धिक मालमत्ता आहे, असा कंपन्यांचा बचाव होता. तयार भाग विकल्यानें त्यामागील हक्क बुडत नाहीं, असें आयोगानें ठरविलें. भाग व यंत्रें स्वतंत्र कारागिरांस मिळावींत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरूनच हमी रद्द होऊं नये, असा आदेश दिला. तीन कंपन्यांच्या अपिलांत २०१६ सालीं दंड घटला. दोष मात्र कायम राहिला.

अमेरिकेंत १९९८ च्या कायद्यानें आज्ञावलीचें कुलूप तोडणें हाच अपराध ठरला. मोटारमालकांस दुरुस्तीची सूट २०१५ सालीं मिळाली. भारतांत २०१२ सालीं घातलेलें कलम सौम्य आहे. हक्कभंगाचा हेतु असेल, तरच येथें शिक्षा होते.

अडाणी हातांनीं ब्रेकचें गणित बिघडेल, ही कंपन्यांची भीति खोटी नाहीं. परंतु तिच्यावर उपाय माहिती दडविणें हा नव्हे. ती शिकविणें हा आहे. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ उघडलें, तें याच दिशेनें. कायदा दार अडवीत नाहीं, हें खरें. पण दार न अडविणें आणि किल्ली हातीं देणें, यांत फार अंतर आहे.