बूच लाव आधी!

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



प्रत्येकानं नोकरीतला एक अनुभव सांगावा, असं संयोजकांनी सांगितलंय. मी आरोग्य सेवक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी टीसीएल पावडरीच्या वासात गेली, तेव्हा तिच्याबद्दलच बोलतो.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. आपलं सास्तूर, पलीकडचं किल्लारी जमीनदोस्त झालं, त्यात वरून पाऊस. टँकर आला की आधी टीसीएल टाकायची, अर्धा तास थांबायचं, मगच पाणी वाटायचं. तहानलेली माणसं अंगावर यायची. पण क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतोच, हे त्यांना हात जोडून सांगावं लागायचं.

पुढं एका गावात मात्र मीच चुकलो. टाकीत रोज पावडर पडत होती, नोंदवही भरलेली होती, मी सही करत होतो. तरी वस्तीत जुलाबाची साथ आली. शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले, तर पाणी पिवळं होईना. क्लोरीन उरलाच नव्हता! खोलीत जाऊन बघतो तर पोत्याचं तोंड उघडं, खाली ओल. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. हवा, ऊन, ओल लागली की तो उडून जातो. आम्ही नुसता चुना कालवत होतो.

सलाईन लावलेल्या एका पोरीच्या आईनं विचारलं, "भाऊ, तुम्ही तर रोज औषध टाकता ना?" मला मान वर करता आली नाही. पोरगी वाचली, हे नशीब.

त्या रात्री प्रयोगशाळेतला सरांचा आवाज आठवला, "अरे, बाटलीचं बूच लाव आधी!"

तेव्हापासून मी आधी शेवटचा नळ बघायचो, सही नंतर. तिथं लिटरमागं निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. वाटेत फुटक्या पाइपातून घाण शिरली, तर तेवढाच आधार असतो.

आपल्यातले कुणी सरपंच आहेत, कुणी मुख्याध्यापक. गावात, शाळेत एवढं बघा: पावडर ताजी, झाकण घट्ट, अर्धा तास धीर आणि शेवटच्या नळाची तपासणी. पाण्याला थोडा वास आला, तर कुरकुरू नका.

सर, बूच लावायला उशिरा शिकलो, पण शिकलो.