कणगीतले विष

(सुगीच्या उपकारस्तुतीनिमित्त मंडळी व देणगीदारांपुढे केलेले भाषण)



तुम्ही आणलेल्या धान्याच्या टोपल्या इथे पुढे मांडल्या आहेत, तेव्हा धान्याविषयीच बोलतो. मी शेतीशाखेचा माणूस. सातपुड्यातल्या पाड्यांवर बी-बियाणे आणि साठवण हे माझे काम. धान्य पिकले म्हणजे पोट भरले असे आपण धरून चालतो. पण पिकलेले धान्यच माणसांना कसे मारते, ते आपल्या शेजारी घडलेल्या एका घटनेवरून सांगतो.

१९७४ च्या अखेरच्या दोन महिन्यांत राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत कावीळ पसरली. दीडशेहून अधिक गावांत माणसे आजारी पडली. डोळे पिवळे होत, पोटात झपाट्याने पाणी साठे, पाय सुजत. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. ही कावीळ नेहमीची नव्हती. ज्यांचे मुख्य अन्न मका होते त्या आदिवासी घरांतच ती दिसत होती, आणि त्याच घरांतले उष्टे खाणारी कुत्रीही आजारी पडत होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. कृष्णमाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता. मका भिजला, तसाच घरात साठवला गेला आणि त्याला बुरशी लागली. त्या मक्याच्या नमुन्यांत किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडले. आज आपल्या देशात तृणधान्यासाठी ठरवलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या घरांतल्या भाकरीत मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष होते.

हे विष ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी तयार करते. त्याचा शोध १९६० साली इंग्लंडमध्ये लागला. तिथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि दोष त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत निघाला. बुरशीच्या नावावरूनच विषाचे नाव पडले. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, आणि ज्याला ब प्रकारची कावीळ झालेली आहे त्याला हा धोका कितीतरी अधिक.

आता पाड्यावरच्या बाईला हे ओळखता कसे यावे? कणसावर हिरवट-पिवळी भुकटी दिसली, दाणा काळवंडला, सुरकुतला, किडीने पोखरला किंवा कणगीत हात घातल्यावर कोंदट वास आला, तर ती धोक्याची खूण. पण दोन गोष्टी मी प्रत्येक बैठकीत सांगतो. पहिली, बुरशी पुसून टाकली तरी विष दाण्यात राहते. ते दिसत नाही आणि त्याला चवही नसते. दुसरी, भाकरी भाजल्याने किंवा घाटा शिजवल्याने ते जात नाही. आपल्याकडे 'शिजवले की सगळे मरते' असे म्हणतात. शिजवल्याने बुरशी मरेल, पण तिने मागे ठेवलेले विष बहुतांशी तसेच राहील.

खरी खात्री प्रयोगशाळेतच होते. तिथे नमुना नेतानाही काळजी हवी. एका पोत्यातल्या थोड्याच दाण्यांत सारे विष साठलेले असू शकते. म्हणून वरची एक मूठ पुरत नाही. पोत्याच्या वरून, मधून, तळातून दाणे काढून एकत्र करावे लागतात.

त्यापेक्षा विष तयारच होऊ न देणे सोपे. त्यासाठी एक चाचणी आम्ही घरोघर शिकवतो. मीठ तव्यावर गरम करून पूर्ण कोरडे करायचे व गार होऊ द्यायचे. कोरड्या काचेच्या बरणीत मका घालून वर दोन-तीन चमचे मीठ टाकायचे, झाकण लावून नीट हलवायचे आणि पंधरा मिनिटे ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात अजून ओल आहे, पुन्हा उन्हात घाला. मीठ तळाशी सुटे राहिले तर मका कणगीत भरायला हरकत नाही. कणसे उघड्या जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर किंवा मचाणावर वाळवायची, फुटके-किडके दाणे निवडून बाजूला काढायचे, कणगी जमिनीपासून उंच ठेवायची.

आता अवघड प्रश्न. निवडलेल्या खराब दाण्यांचे काय करायचे? 'कोंबड्यांना घाला, गाईला घाला' हे उत्तर चुकीचे आहे. कोंबड्या त्याने आजारी पडतात, आणि गाईने खाल्लेले विष रूप बदलून दुधात उतरते. मग दुधावाटे ते लेकरापर्यंत येते. ते दाणे पुरून टाकायचे एवढेच उरते.

पण भुकेल्या घराला 'फेकून द्या' म्हणणे सोपे नसते. १९७४ साली त्या लोकांना मका खराब झाल्याचे दिसत नव्हते असे नाही. दुसरे धान्य घरात नव्हते. एका आजीने मला विचारले होते, "भाऊ, हे टाकते, पण सांजेला चुलीवर काय ठेवू?" या प्रश्नाला माहितीपत्रक हे उत्तर नाही. पोत्याच्या बदल्यात पोते, हेच उत्तर आहे.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या. ऑक्टोबरच्या आत ताडपत्र्या पोहोचू द्या. पाऊस येऊन गेल्यावर आलेली ताडपत्री पुढच्या वर्षीच कामाची. अवेळी पाऊस झाला, तर बदली धान्यासाठी थोडा निधी राखून ठेवा. आणि तिसरी मागणी नम्रपणे करतो: दानाचे धान्य घरातल्या जेवणाइतकेच निवडून, वाळवून द्या. जुने, ओल धरलेले पोते गरिबाला चालेल असे कोणी समजू नये. त्याचे यकृत आपल्या यकृतापेक्षा वेगळे नाही.