मोटारीचीं दोन गाऱ्हाणीं



मोटार हें एके काळीं केवळ श्रीमंतांचें वाहन होतें. आज तीवर टॅक्सीवाल्याचें पोट चालतें, आणि आडगांवच्या रोग्याला अपरात्रीं दवाखान्यांत पोंचविणारीहि तीच असते. अशी गाडी ऐन वेळीं अडून बसली म्हणजे काय प्रसंग ओढवतो, हें निराळें सांगावयास नको. मी कांहीं यंत्रविशारद नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला शाळामास्तर आहें. परंतु उदाहरण सोडवितांना रीत चुकली कीं उत्तर चुकतें, हा नियम येथेंहि लागू आहे. पेट्रोलचें इंजिन चालू न होणें आणि त्याचें ऑईल बिघडणें, हीं दोन गाऱ्हाणीं निरनिराळीं वाटतात; पण पुष्कळदां त्यांचें मूळ एकच असतें. तें कसें, तें पाहूं.

पूर्वीं इंजिन हँडल मारून फिरवावें लागे, आणि उलट झटका बसून माणसांचे हात मोडत. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा सेल्फ बसला, आणि हें कष्टाचें काम बॅटरीकडे आलें. म्हणून पहिली परीक्षा बॅटरीची. किल्ली फिरवितांच नुसता ‘कट कट’ आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या तारा सैल आहेत असें समजावें. टोंकांवर पांढरट-हिरवी भुकटी सांचली असल्यास तारा सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें तीं स्वच्छ करावीं. सोडवितांना ऋण टोंकाची तार प्रथम काढावी, व जोडतांना ती शेवटीं लावावी.

सेल्फ जोरानें फिरतो, पण इंजिन पेट घेत नाहीं, असें असेल तर एक तर ठिणगी पडत नाहीं, नाहीं तर पेट्रोल पोंचत नाहीं. अशा वेळीं उतावळेपणानें सेल्फ मारीत राहूं नये. फार तर दहा सेकंद मारावा, मग निदान अर्धा मिनिट विसांवा द्यावा. कारण बॅटरी उतरते व सेल्फ तापतो, एवढेंच नव्हे. न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील ऑईल धुऊन खालीं उतरतें आणि सांठ्यांतील ऑईल पातळ करतें. पहिल्या गाऱ्हाण्यांतून दुसरें जन्मास येतें तें असें.

आतां ऑईलची परीक्षा. गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें व पांच-दहा मिनिटें थांबावें. पट्टी काढून पुसावी, पुन्हां घालून काढावी. ऑईल दोन खुणांच्या मध्यें असावें. तें नुसतें काळें झालें म्हणून घाबरूं नये. काजळी वाहून नेणें हें त्याचें कामच आहे. परंतु वरून न ओततां ऑईल वाढलें आणि त्यास पेट्रोलचा वास आला, तर तें बदलावें व कारण शोधावें. तें दुधाच्या चहासारखें दिसूं लागलें, तर आंत पाणी शिरलें आहे; इंजिन चालवूं नये. ऑईल कमी होत जाऊन निळसर धूर निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचीं सीलें झिजलीं असावींत. रिंगा झिजल्या म्हणजे दाब टिकत नाहीं, आणि इंजिन चालू होण्यासहि त्रास देतें. दाट ऑईल घातल्यासहि थंडीच्या पहांटे सेल्फ जड फिरतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचेंच ऑईल घालावें.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किल्ली फिरवितांच ऑईलचा तांबडा दिवा लागतो व इंजिन चालू होतांच विझतो. तो वाटेंत लागला, तर गाडी सुरक्षितपणें कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. ‘पुढच्या गांवीं पाहूं’ असें म्हणूं नये. दाब नाहींसा झाला कीं कांहीं मिनिटांतच धातूवर धातू घासून इंजिन जाम होतें. पट्टीवर ऑईल पुरेसें दिसूनहि दिवा विझत नसेल, तर गाडी ओढूनच न्यावी.

चालू न झालेल्या गाडीनें घटकाभर खोळंबा होतो. कोरड्या चाललेल्या इंजिनानें गरीबाचें भांडवल बुडतें. म्हणून आठवड्यांतून एकदां पट्टी पाहण्याचा नेम ठेवावा, एवढीच विनंति.