‘बग’ शब्दाची कुळकथा



संगणकाचे काम अडले की ‘बग आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ह्या दोन अक्षरी शब्दाची कुळकथा आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

पूर्वीच्या इंग्रजीत बग म्हणजे किडा नव्हे, तर भूत. आपल्या बागुलबुवाचाच तो भाऊबंद. कव्हरडेलच्या १५३५ च्या बायबलात रात्रीच्या भयासाठी हाच शब्द योजलेला आहे. ढेकूण, किडा हा अर्थ मागाहून, सतराव्या शतकात रूढ झाला. पुढे १८७८ साली एडिसनने एका पत्रात नव्या शोधातील बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटले.

१९४७ साली हार्वर्डच्या ‘मार्क दोन’ गणनयंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवला आणि प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिलीच वेळ, असा शेरा मारला. ह्या पतंगावरूनच शब्द निघाला, असे पुष्कळजण सांगतात. परंतु शब्द आधीच रूढ नसता, तर ह्या शेऱ्यातला विनोद कोणाला कळला असता?

मराठीतही ‘कसर’ म्हणजे पुस्तके खाणारा किडा, आणि कसर म्हणजे उणीवही. पण आपली क्रियापदे पाहा. पोथीला कसर लागते. हिशेबात कसर राहते. पहिली बाहेरून येते, दुसरी आपल्या हातून घडते. ‘बग’ शब्दात हा भेद पुसला जातो.

हा काथ्याकूट नव्हे. ‘थेरॅक-२५’ ह्या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ ह्या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा दिली. त्यांपैकी निदान तिघे दगावले. आज्ञावलीत दोष होते आणि आधीच्या यंत्रातील यांत्रिक अडसर ह्या यंत्रातून काढून टाकलेले होते. तेथे कोणताही पतंग उडत आलेला नव्हता. डाइक्स्ट्रा ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९८८ साली सुचवले, की बग म्हणू नका, चूक म्हणा. म्हणजे दोष ज्याचा त्याच्या पदरी पडेल.

शब्द बदलल्याने यंत्र सुधारत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ‘कसर लागली’ म्हणणारा किडा शोधीत बसतो आणि ‘कसर राहिली’ म्हणणारा आपला हिशेब पुन्हा तपासतो. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.