आधी यादी, मग सूत्र

(कळंबा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तळ्याकडून वारा सुटलाय, लग्नसराई चालू आहे, तरीही तुम्ही गणित ऐकायला आलात. परवा संयोजक घरी आले तेव्हा म्हणाले, "सर, विषय जरा हलका ठेवा." मी म्हटलं, मोजणी हा विषय घेतो, त्याच्याहून हलकं काय असणार? एक, दोन, तीन. (हशा)

पण एक, दोन, तीन मोजणं सोपं असतं ते वस्तू समोर असताना. वस्तू समोर नाहीत, त्यांच्या फक्त शक्यता आहेत, तेव्हा काय करायचं? कपाटात चार साड्या आणि तीन ब्लाऊज, तर बारा जोड्या. एखादी गोष्ट 'ही आणि ती' असेल तर गुणाकार, 'ही किंवा ती' असेल तर बेरीज. एवढं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. परम्युटेशन-कॉम्बिनेशनची सूत्रंही इथल्या बारावीच्या मुलांना पाठ असतील. ती मी फळ्यावर लिहिणार नाही. तीस-पस्तीस वर्षं शिकवून माझं एक मत पक्कं झालंय, ते सांगायला आलोय. मोजायचं असेल तर आधी यादी करा, हातानं, क्रमानं. सूत्र मागून येऊ द्या. यादी न करता ज्याला सूत्र मिळालं, त्याला भागाकार कुठं करायचा ते कधीच कळत नाही.

इथं समोर बसलेल्या भगिनींपैकी भिशी किती जणींची आहे? हात वर करा. बघा, बहुतेक सगळ्याच. (हशा) समजा बारा जणींची भिशी आहे आणि दर महिन्याला एक चिठ्ठी निघते. पहिल्या महिन्यात बारापैकी कुणीही, दुसऱ्या महिन्यात उरलेल्या अकरांपैकी कुणीही, असं करत शेवटच्या महिन्यात एकटीच राहते, तिची चिठ्ठी काढावीच लागत नाही. मग वर्षभराचे नंबर किती तऱ्हांनी लागू शकतील? बारा गुणिले अकरा गुणिले दहा, असं एकापर्यंत. उत्तर ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००. दर वर्षी नवा क्रम लागला तरी सगळे क्रम संपायला तेवढीच वर्षं लागतील. इथं क्रमाला किंमत आहे, कारण पहिल्या महिन्यात पैसे मिळणं आणि बाराव्या महिन्यात मिळणं यातला फरक मी तुम्हाला सांगायला नको.

आता क्रमाला किंमत नसते तेव्हाची गोष्ट. ही माझ्या घरची आहे, थोडी लांबेल.

मी जुन्या अकरावीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पेठेतल्या पोरांनी फुटबॉलची स्पर्धा ठेवली. कोल्हापूरच्या पोराला फुटबॉलचं वेड कसं असतं ते इथं समजावून सांगायची गरज नाही. सहा संघ जमले. मोठ्या तालमींची नावंच आम्ही आमच्या संघांना दिली होती, त्यामुळं एक पाटाकडील होती, एक खंडोबा होती, एक दिलबहार होती. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं ठरलं. मी गणितात हुशार म्हणून वेळापत्रक माझ्याकडं आलं. मी हिशेब केला, सहा संघ, प्रत्येकाच्या पाच मॅच, सहा पंचे तीस. रोज संध्याकाळी दोन मॅच, म्हणजे पंधरा दिवस. मैदान मिळालं होतं दहा दिवस. मग मीच तोडगा काढला, दोन संघ कमी करू. ज्या दोन संघांची नावं निघाली त्यांची पोरं माझ्या अंगावर धावून आली. एकाची आई घरी येऊन माझ्या आईला बोलून गेली. दोन दिवस पेठेत दुसरा विषय नव्हता.

मैदानावर फक्की मारणारे एक मामा होते. शाळा त्यांनी तिसरी-चौथीतच सोडलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फक्कीची पाटी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "लिही की खाली. कोण कुणासंगं ते लिही." मी मातीत लिहायला लागलो. पाटाकडीलच्या पाच मॅच लिहिल्या. मग खंडोबाच्या लिहायला बसलो आणि पहिलीच लिहिली खंडोबा विरुद्ध पाटाकडील. मामांनी पायानं ती पुसली. म्हणाले, "आरं, ती वर झाली न्हवं? तीच मॅच किती येळा खेळणार?"

मंडळी, त्या मातीत पाटाकडीलच्या पाच मॅच राहिल्या, खंडोबाच्या नव्या चार, पुढच्या संघाच्या तीन, मग दोन, मग एक. शेवटच्या संघासाठी लिहायला काही उरलंच नाही. पाच, चार, तीन, दोन, एक. पंधरा. आठ दिवसांत स्पर्धा बसत होती. सहाही संघ खेळले. (टाळ्या)

माझे तीस चुकीचे नव्हते, ते दुप्पट होते. प्रत्येक मॅच मी दोनदा मोजली होती, एकदा या संघाच्या बाजूनं, एकदा त्या संघाच्या. पुढं कॉलेजात सूत्र आलं, त्यात खाली भागायला दोन होता. वर्गातल्या साऱ्यांनी तो दोन लिहून घेतला. मला तो दोन दिसला तेव्हा मामांचा पाय दिसला.

पुढं खूप वर्षांनी मी आयुर्वेदाचे जुने ग्रंथ चाळत होतो. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस तुम्हाला माहीत आहेत. या सहांची मिश्रणं किती, हा प्रश्न वैद्यांना औषधासाठी पडला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात याचा हिशेब आहे, आणि तो सूत्रानं केलेला नाही, यादीनं केलेला आहे. दोन-दोन रसांच्या जोड्या घेताना ग्रंथकार आधी मधुर रस धरतो, त्याच्या उरलेल्या पाचांशी पाच जोड्या. मग आंबट धरतो, नव्या जोड्या चार. मग तीन, मग दोन, मग एक. पंधरा! मी पुस्तक मिटून बसलो. ही तर आमच्या मैदानातली माती होती. तीन-तीन रसांची मिश्रणंही तो तशीच काढतो, दहा, सहा, तीन आणि एक, मिळून वीस. सुटे सहा, दोनांची पंधरा, तिनांची वीस, चारांची पंधरा, पाचांची सहा, सगळ्यांचं मिळून एक, एकूण ६३.

कुणी म्हणेल, एवढी यादी कशाला? प्रत्येक रस एक तर घ्यायचा किंवा नाही घ्यायचा, दोन पर्याय. सहा वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला की ६४, त्यातला काहीच न घेतलेला एक सोडला की ६३. बरोबर आहे. मिसळीच्या ताटाशी बसून हे करता येतं. कांदा घ्या किंवा नका घेऊ, लिंबू पिळा किंवा नका पिळू. कट मात्र घ्यायचाच, तिथं पर्याय नाही. (हशा) हे छान आहे, पण ही वाट सुचते ती यादी एकदा हाताखालून गेल्यावर.

आता यादीतून सूत्र कसं आलं ते बघा, आणि हे आपल्या भागाशी जोडलेलं आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष राज्य करत होता. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कर्नाटकातलं मळखेड. इसवी सन ८७१ चा संजाण ताम्रपट सांगतो की, प्रजेवरचं संकट टळावं म्हणून या राजानं आपल्या डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला अर्पण केलं. ती महालक्ष्मी म्हणजे आपली करवीरनिवासिनी, असं अभ्यासक मानतात. याच अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञानं साधारण ८५० च्या सुमारास 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात त्यानं सहा रसांचंच उदाहरण घेतलं, पण आता सर्वसाधारण नियम दिला. एका ओळीत एकापासून चढते अंक, दुसऱ्या ओळीत तेच उतरते. जितक्या वस्तू घ्यायच्या तितके अंक घ्या, उतरत्यांच्या गुणाकाराला चढत्यांच्या गुणाकारानं भागा. सहांतून तीन रस घ्यायचे? सहा पंचे तीस, तीस चोक एकशेवीस. खाली एक गुणिले दोन गुणिले तीन, सहा. एकशेवीस भागिले सहा, वीस. सुश्रुतात यादी करून आलेलेच वीस!

खालचा सहा काय करतो? तीन रस सहा क्रमांनी घालता येतात आणि चव एकच राहते. तीच चव सहा वेळा मोजली गेलेली असते, ती सहानं भागून एकदा आणायची. मामा पायानं जे पुसत होते, ते महावीराचार्य भागाकारानं पुसतो.

या ग्रंथाची लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेली हिंदी आवृत्ती १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाली. त्या ग्रंथमालेच्या संपादकांत डॉ. आ. ने. उपाध्ये होते, आपल्या राजाराम कॉलेजात ज्यांनी वर्षानुवर्षं अर्धमागधी शिकवली. एवढी जवळची गोष्ट आपल्या मुलांना माहीत नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथं एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. "सगळं आपल्याकडंच आधी होतं, असं म्हणायचं आहे का?" नाही. मी तसं म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच माणसांनी १६५४ साली जुगाराच्या डावावरून एकमेकांना पत्रं लिहिली आणि त्यातून संभाव्यतेचं शास्त्र उभं राहिलं. ते काम आपल्या ग्रंथांत नाही. मी गर्व करायला ही नावं घेत नाही, पद्धत दाखवायला घेतोय. जगात कुठंही हा विषय वाढला तो यादीच्या खांद्यावर बसून वाढला.

दुसरी चिठ्ठी एका शिक्षक बंधूंची आहे. "सीईटीला ९० मिनिटांत ५० प्रश्न, यादी कोण करणार?" अहो, मी परीक्षेत यादी करा असं सांगतच नाही. यादी वर्गात करायची, अकरावीच्या पहिल्या आठवड्यात. चार मुलांना बाकावर बसवा, पोरं उठतील, बसतील, गोंधळ होईल, होऊ द्या. ज्या मुलानं दहा याद्या हातानं केल्यात, त्याला परीक्षेत क्रम मोजायचा की नाही हे वाचताक्षणी कळतं. ज्यानं केल्या नाहीत, तो दोन सूत्रांपैकी कुठलं लावायचं यावरच पहिलं मिनिट घालवतो. हे माझ्या वर्गात वर्षानुवर्षं दिसलंय, त्यामुळं यावर मी मागं हटणार नाही. (टाळ्या)

संयोजकांनी घड्याळाकडं बोट दाखवलंय. दहा मिनिटं? पाच. बरं.

भास्कराचार्यांशिवाय मी खाली उतरणार नाही. ११५० च्या 'लीलावती'त त्यांनी अंकपाश नावाचं प्रकरण घातलं. त्यात ते विचारतात, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधं बदलून दिली तर मूर्ती किती होतील? चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, चोवीस. आता संध्या करणाऱ्यांनी आठवावं, आचमनाच्या वेळी केशव, नारायण, माधव, गोविंद अशी नावं किती घेतो? चोवीस. प्रत्येक नावाची मूर्ती वेगळी आणि ती ओळखायची आयुधांच्या क्रमावरून. उजव्या खालच्या हातापासून फेरा धरला की केशवाच्या हातांत पद्म, शंख, चक्र, गदा. दोन आयुधांची अदलाबदल झाली की देवाचं नाव बदलतं. पाथरवटाच्या हाती चोवीस मूर्तींची यादी होती, हे मला फार मोठं वाटतं. देवळात गेलात तर हात बघा. त्याच श्लोकात भास्कराचार्य शंकराचाही प्रश्न घालतात. दहा हात, दहा आयुधं, पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. उत्तर ३६ लाख २८ हजार ८००. इथं यादी थकते, इथं सूत्र हवंच.  चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. मुलांना सहलीला तिथं न्या.

शेवटचं, एका मिनिटात. ऑयलर या गणितज्ञानं १७८२ मध्ये ३६ अधिकाऱ्यांचं कोडं घातलं. सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एकेक. त्यांना सहा ओळींत असं उभं करा की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल. त्यानं म्हटलं, जमणार नाही, आणि दहा, चौदा, अठरा अशांनाही जमणार नाही. सहाला जमत नाही हे १९०० च्या सुमारास टॅरी नावाच्या फ्रेंच माणसानं हातानं एकेक शक्यता तपासून सिद्ध केलं. पण दहा आणि पुढच्या सगळ्यांना जमतं, हे १९५९ साली दाखवलं तिघांनी, बोस, पार्कर आणि आपले शरच्चंद्र श्रीखंडे. ते पुढं मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. त्यांच्यावर सबंध व्याख्यान हवं होतं, आज वेळ उरला नाही. पुढच्या वर्षी ठेवा, मी येतो.

आता एवढंच करा. घरी गेल्यावर पोरांना पाटीवर 'कळंबा' लिहायला सांगा. क, ळं, बा ही तीन अक्षरं उलटसुलट करून जितकी लिहिता येतील तितकी लिहू द्या. सहा यायला हवीत. सात आली तर एक दोनदा आलंय, पाच आली तर एक राहिलंय. कुठलं, ते तुम्ही सांगू नका. त्यांनाच शोधू द्या.